एकटीनं चालेल का?

जपानी शिकायचं खूळ आमच्या ह्यांचं. ह्यांच्याबरोबर आयटीआयला असलेला एक मित्र जपानला गेला, तिकडं कारखान्यात लागला. त्याचे फोटो बघून ह्यांच्या डोक्यात जे शिरलं ते शिरलंच. हे टॉवेलच्या कारखान्यात फिटर होते आणि मी एका खासगी दवाखान्यात म्हाताऱ्या पेशंटची देखभाल करायची. आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेत कापडदुकानाच्या माडीवर जपानीचा क्लास निघालाय असं कळलं, तेव्हा हे म्हणाले, "तूपण चल की. घरी बोलायला कुणीतरी पाहिजे."

मी गेले ती एवढ्यासाठीच.

पहिल्याच आठवड्यात सर म्हणाले, "मराठी माणसाला ही भाषा इंग्रजीपेक्षा सोपी जाते. क्रियापद शेवटी येतं. प्रश्न विचारायचा असेल तर वाक्याच्या टोकाला 'का' लावायचा. आपल्यासारखंच." मला हायसं वाटलं. माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात कन्नड, शाळेत मराठी, शेजारी दखनी. अर्धं कळलं तरी बोलत राहायचं, ही सवय लहानपणापासूनची. ह्यांना ती नव्हती. ऐकताना एक शब्द निसटला की हे तिथंच अडकायचे, तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं असायचं. कांजी मात्र, म्हणजे ती चित्रासारखी अक्षरं, हे इतकी रेखीव काढायचे की सर वर्गाला दाखवायचे.

घरी आम्ही जपानीत बोलायला लागलो. पाणी दे, दार लाव, उद्या सुट्टी आहे का, एवढंच. माझ्या सासूबाई मोहोळकडच्या. भाकरी थापता थापता ऐकत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "भांडताय व्हय? मग मराठीत भांडा की. मलाबी कळू द्या."

परीक्षा पुण्याला होती, कॉम्प्युटरवर. निकाल तिथंच पडद्यावर दिसला. मी पास झाले. हे ऐकण्याच्या भागात राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "चहा घेऊ." चहा पिताना म्हणाले, "पुढच्या वेळी होईल." परतीच्या गाडीत, मोहोळ मागे पडेपर्यंत, मी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायची, लावायची, परत उघडायची. आईला फोन करून सांगावंसं वाटत होतं, पण शेजारी हे खिडकीबाहेर बघत बसलेले. केला नाही.

पुढच्या वेळीही ह्यांचं राहिलं. मग घरातलं जपानी बंद पडलं. तसं ठरवलं कुणीच नव्हतं. मी विचारायची, हे मराठीत उत्तर द्यायचे, म्हणून मीही मराठीत विचारायला लागले. मधल्या काळात देखभालीच्या कामाची दुसरी परीक्षा मी पास झाले आणि सरांनी तिकडच्या एका वृद्धाश्रमासाठी माझं नाव पाठवलं. मुलाखतीची वेळ आल्यापासून माझं कशात लक्ष लागेना. दवाखान्यात एका आजोबांना थर्मामीटर लावून मी पलीकडच्या वॉर्डात निघून गेले, ते बिचारे तोंड मिटून बसून राहिले. घरी निवडलेले तांदूळ परत निवडायला घ्यायची. सासूबाई म्हणाल्या, "त्यात आता खडं न्हाईत. बस की जरा."

मुलाखत क्लासमध्येच झाली, लॅपटॉपवर. पलीकडं दोन बाया आणि एक गृहस्थ. नाव, गाव, काम, सगळं नीट चाललं होतं. पेशंटला कुशीवर कसं वळवता, असं विचारलं, तेही सांगितलं. मग त्यातल्या वयस्कर बाईंनी विचारलं, "हितोरिदे दाइजोबु देसु का?" म्हणजे एकटीनं चालेल का?

अगदी सुरुवातीला शिकवतात तसलं वाक्य. नुसतं 'हाय' म्हणायचं होतं. जपानीत होकाराला 'हाय'च म्हणतात. सासूबाईंच्या तोंडी तर 'आहे'साठी तो शब्द सारखा असतो. पण माझ्या तोंडून निघेना. बाईंनी तोच प्रश्न पुन्हा, एकेक शब्द सुटा करून विचारला. मी म्हणाले, "वाकारिमासेन."

ह्या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक, 'मला समजलं नाही'. दुसरा, 'मला सांगता येत नाही'. मला दुसरा म्हणायचा होता, त्यांनी पहिला घेतला. बाई ओशाळल्यासारख्या हसल्या, गृहस्थांनी मान खाली घालून काहीतरी लिहिलं, आणि आभार मानून त्यांनी मुलाखत संपवली.

चार दिवसांनी उत्तर आलं, भाषा अजून कच्ची आहे. सर माझ्यावर वैतागले. "अहो, एवढं साधं वाक्य तुम्हाला कळू नये?"

हे मला न्यायला आले होते. जिन्यावरून त्यांनी सगळं ऐकलं. गाडीवर बसल्यावर म्हणाले, "होतं गं असं. मला तर नेहमीच होतं. ऐकताना डोकं बंद पडतं." बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा होता.

मी म्हणाले, "मला कळलं होतं."

"काय?"

"प्रश्न. एकटीनं चालेल का, असं विचारलं त्यांनी. मला सांगता येईना, म्हणून तसं म्हणाले."

ह्यांनी गाडी बाजूला घेतली. मागं वळून न बघताच विचारलं, "माझ्यासाठी?"

"काय माहीत."

"असले उपकार नकोत मला," असं म्हणून त्यांनी गाडी सुरू केली. घरी पोचेपर्यंत मी मागचा दांडा घट्ट धरून बसले होते.

मग काही दिवस घरात कामापुरतं बोलणं. एका रविवारी हे मिक्सर उघडून दुरुस्त करत बसले होते. स्क्रू काढता काढता म्हणाले, "तू गेलीस तरी मला राग येणार आणि राहिलीस तरी येणार. माझं मलाच कळंना झालंय."

"मग मी काय करू?"

"मला विचारू नको. मला विचारून राहिलीस तर जन्मभर ऐकवशील."

मला हसू आलं. तेही हसले, पण मान वर केली नाही. आतून सासूबाईंनी विचारलं, "तितल्या म्हाताऱ्यांची पोरं कुटं गेली? त्यांनला बघायला हितनं माणसं न्यायची?" ह्यांनी पुढचा स्क्रू काढायला घेतला.

दुसऱ्या आश्रमाची मुलाखत आली, तेव्हा पलीकडच्या बाईंचा तोच प्रश्न पुरा व्हायच्या आत मी हो म्हणून बसले. निवड झाली. गाव उत्तरेकडचं, बर्फाचं. आता कागदपत्रं अडकली आहेत. कधी पुढच्या महिन्यात म्हणतात, कधी सांगता येत नाही म्हणतात. दवाखान्यातली नोकरी सोडू की नको, ते ठरत नाही. हे पुन्हा क्लासला जायला लागलेत, नव्या बॅचबरोबर. कानात इअरफोन घालून एकच संवाद परत परत ऐकतात. मी अर्थ सांगायला गेले की हात करून थांबवतात.

परवा त्या आश्रमातल्या नर्सबाईंनी ओळख व्हावी म्हणून व्हिडिओ कॉल केला होता. त्यांचं मला सगळं कळत होतं. तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतल्या एक आजी पडद्याजवळ आल्या, माझ्याकडं निरखून बघितलं आणि काहीतरी बोलल्या. मला एक शब्द कळला नाही. पुन्हा विचारलं, त्या पुन्हा बोलल्या, आणखी मोठ्यानं. नर्सबाई हसून म्हणाल्या की इकडची जुनी माणसं असंच बोलतात, पुस्तकात हे सापडायचं नाही. आजी काय म्हणाल्या ते सांगा, असं मी म्हणेपर्यंत कुठंतरी घंटा वाजली आणि नर्सबाई गेल्या. पुस्तकी मराठी शिकून आलेल्या बाईला आमच्या सासूबाईंसमोर बसवलं तर तिचं काय होईल, ते मला तेव्हा समजलं.

मी फोन घेऊन गच्चीवर गेले. ऊन उतरलं होतं, तरी फरशी पायाला चटके देत होती. आजींनी काढलेला आवाज विसरायच्या आत तोंडात धरायचा होता. इकडून तिकडं फिरत मी तोच पुटपुटत राहिले. मधलं एक अक्षर 'झा' होतं की 'दा', ते ठरेना. खालून ह्यांनी हाक मारली, "जेवायला येतेस ना?"

"आले," म्हणाले आणि आणखी एक फेरी मारायला वळले.