जीपच्या पोटातली टकटक

निर्मळ गावातल्या आमच्या फुलांच्या वाडीतली जुनी डिझेल जीप मीच चालवते. सोनचाफा आणि मोगऱ्याच्या पाट्या भरून वसईपर्यंतच्या फुलवाल्यांकडे पोचवायच्या, हे काम मी नवऱ्याच्या हातून जवळजवळ हिसकावून घेतलं. त्याआधी लग्नानंतरची काही वर्षं मी घरात बसून काढली होती. तेव्हा माझा स्वभाव कसा झाला होता, ते घरातले अजूनही आवाज खाली करून सांगतात. म्हणून एका सकाळी इंजिनातून टकटक यायला लागली, तेव्हा सगळ्यात आधी बॉनेट उघडलं ते मी.

नवरा जीपला आधीच कंटाळलेला. "हिला भंगारात घालू आणि माल टेम्पोवाल्याकडे सोपवू," तो म्हणाला. म्हणजे जीपबरोबर माझं बाहेर पडणंही भंगारात. मी म्हटलं, "आधी आजार तरी कळू दे, मग तिरडी बांध."

नवऱ्याचा मावसभाऊ वालीवला एका गॅरेजात काम करतो. रविवारी तो मासळीच्या जेवणाच्या बोलीवर आला. आल्या आल्या त्याने पपईच्या पानाचा लांब, पोकळ देठ तोडून आणला. एक टोक कानाला लावलं आणि दुसरं चालू इंजिनावरून फिरवायला लागला. वरच्या अंगाला नेहमीचीच धडधड होती, पण पुढच्या झाकणापाशी टकटक अगदी कानात शिरली. मग मी ऐकलं. मग नवऱ्याने ऐकलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "मला तर भंगारवाल्याची हाक ऐकू येतेय." मी देठ त्याच्या हातातून काढून घेतला.

त्या झाकणामागे टायमिंगचे गिअर असतात. पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळू नयेत म्हणून त्यांना तालात ठेवणं हे त्यांचं काम. रेडिएटर आणि पुली काढून झाकण उघडलं, तर मधल्या गिअरचे दोन दात तुटलेले. तुकडे खाली ऑइलच्या चेंबरमध्ये पडले होते. एवढी वाईट बातमी, पण मी खुश झाले. आजाराला निदान नाव तरी मिळालं होतं.

पुढच्या रविवारी मावसभावाने मापाचा गिअर शोधून आणला. गिअर बसवायच्या मूळ खुणा झिजून गेल्या होत्या. म्हणून जुना काढण्याआधीच त्याने तो शेजारच्या दोन्ही गिअरांना जिथे भिडतो तिथले दात माझ्या लाल नेलपॉलिशने टिपून ठेवले, आणि जुन्यावरचे दोन ठिपके नव्या गिअरवर उतरवले. नवा गिअर पुसून, सासूबाई कळ्या निवडायला बसतात त्या ओट्यावर परातीत ठेवला आणि आम्ही जेवायला बसलो. जेवण जरा जास्तच झालं.

जेवणानंतर गिअर बसला. स्टार्टर मारण्याआधी मावसभावाने पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिलं. थोडं फिरलं आणि टक्कन अडलं. त्याने लगेच हात काढला. "जोर लावला तर व्हॉल्व्ह वाकतील," तो म्हणाला. "गिअरच मापाचा नसेल बहुतेक."

"झालं! उद्या भंगारवाला," नवरा म्हणाला.

माझं डोकं फिरलं. दोघांना बाजूला सारून मी फडकं घेतलं आणि गिअरचे दात पुसायला लागले. जुळवलेल्या ठिपक्यांपैकी एक पुसला गेला आणि फडकं लाल झालं. नेलपॉलिश असं निघत नाही, हे तिथे मला एकटीलाच माहीत होतं. वास घेतला, तर खोबरेल तेल. ते तेलात कालवलेलं कुंकू होतं. गिअरवर दोनाऐवजी तीन ठिपके होते, आणि भरल्या पोटी मावसभावाने ते मोजलेच नव्हते.

आम्ही तिघांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या ओट्यावर मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या.

"आई, गिअरला कुंकू लावलंत?"

"लावलं. नवीन लोखंड घरात आनलं, त्याची पूजा नको? तुमी जेवत होतात तवा केली."

मी चकितच झाले. त्या जूचंद्र गावच्या शेतकरी घरातल्या, आणि बाईने गाडी हाकावी हे त्यांना कधीच रुचलं नव्हतं. मी जीप काढली की रोज नाक मुरडायच्या. मी विचारलं, "तुम्हाला तर ही जीप डोळ्यांसमोर नको होती ना?"

"आदी ती चालू तर करा," एवढंच त्या म्हणाल्या.

मावसभाऊ हसून हसून जमिनीवर बसला. मग उठून त्याने गिअर नेलपॉलिशच्या ठिपक्यांवर नीट बसवला. इंजिन हाताने पूर्ण फिरलं, कुठे अडलं नाही. चेंबरमधले तुटके दात काढले, झाकण आणि रेडिएटर चढवलं, नवं ऑइल भरलं. मी किल्ली फिरवली. जीप खोकली, धूर सोडला आणि सुरू झाली. टकटक नव्हती. मी एवढ्या जोरात ओरडले की शेजारच्या वाडीतून कोणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

सासूबाई पदर खोचून जीपजवळ आल्या.

"जीप मला आवडत नाय, ती नायच," त्या म्हणाल्या. "पन ती वर्सं तू घरात बसून होतीस ना, तवा एकदा हसली नाय. मी बघत होते. परत ते माझ्याच्यानं बघवनार नाय."

मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. त्या जीपमध्ये कधीच बसल्या नव्हत्या. मी बाजूचं दार उघडलं, आणि त्या नाक मुरडतच आत चढल्या.