डोहातला मुद्देमाल

माझ्या नोकरीत मुद्देमाल जिवंत सापडला तो एकदाच, आणि ती घटना मनातून जात नाही. नव्वदच्या दशकात इंदापूर भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. सरकारी मत्स्यबीज केंद्राच्या हौदातल्या, अंडी घालायला आलेल्या रोहूच्या माद्या चोरीला गेल्या. फिर्यादीत संशय राखणदारावर होता. तो रोजंदारीवर होता. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव नुकताच पुढे गेला होता. गुन्ह्यात नाव आले, की तो प्रस्ताव तिथेच संपणार होता.

चौकशीत तो एकच सांगत राहिला, "साहेब, रोज कोंडा चारतो मी त्यास्नी. डबा वाजवला की कुत्र्यावानी येत्यात."

"मग वाजव की हितं," हवालदार म्हणाला. "येत्यात का बघू!"

ठाण्यात हशा पिकला. खोटे बोलणारा माणूस पोलिसांच्या विनोदावर सगळ्यांच्या आधी हसतो. हा हसला नाही.

पुढे निमगाव केतकीच्या बाजारात बंदोबस्ताला असताना याच हवालदाराला नीरेकाठच्या एका गावची फुलवाली म्हणाली, "आमच्या डोहातलं देवाचं मासं एकाएकी केवढालं झाल्यात! एक जण जाळं घिऊन आलता, बायांनी पिटाळला त्याला."

देवळामागच्या त्या डोहात कोणी मासे धरत नसे. राखणदाराला घेऊन आम्ही तिथे गेलो. त्याने डबा वाजवला. पाणी हलले आणि माद्या काठाशी आल्या. तो खाली बसून रडू लागला.

बायांनी सांगितल्यावरून पिटाळलेला माणूस सापडला; तो खासगी मत्स्यतळ्याचा मालक निघाला. स्वतःचे तळे गळू लागल्याने त्याने चोरलेले मासे डोहात सोडले होते. "देवाच्या डोहात दुसरं कोण जाळं टाकतंय, म्हटलं," तो म्हणाला. पण त्यालाही तिथे जाळे टाकता आले नव्हते.

आता आमचीही तीच अडचण झाली. गाव आडवे आले. "देवाचं मासं न्हेऊ देणार न्हाय!" जादा कुमक मागवता आली असती. तेवढ्यात राखणदाराने गावच्या म्हाताऱ्या आबांपुढे हात जोडले. "आबा, साचल्या पाण्यात ह्या अंडी घालत न्हाईत. केंद्रात सोय हाय."

आबा डोहाकडे बघत राहिले. "म्हंजी बाळंतपणाला माहेरी जायच्यात व्हय? मग लेकीला आडवायचं कुणी? न्ह्या. पर नातवंडं हितं आणून दावायची."

एका बाईने गाडीत खण-नारळ ठेवला. पंचनाम्यात त्याची नोंद कशी करावी, ते मला सुचले नाही.

ही हकीकत लिहून काढा, असे माझी पत्नी नेहमी म्हणे. ती गेल्यावर आता लिहितो आहे. वस्तू कोणाची, हे कायदा ठरवतो आणि ते ठरलेच पाहिजे. पण ती सोडताना माणसाला आपले नाते तुटले असे वाटू नये, हे मला त्या काठावर उमगले.

राखणदार कायम झाला. पावसाळा सरताना तो रोहूची पिल्ले घेऊन डोहावर गेला, तेव्हा मीही सोबत होतो. पिल्ले पाण्यात पांगली. आबांनी आधी विचारले ते मोठ्यांचे.

"पोरी कशा हायत्या?"

"खुशाल हायत्या, आबा."