आगीच्या शर्टाला कांजी

आग न धरणाऱ्या शर्टाला मी कांजी केली. घट्ट कांजी, इंद्रायणी तांदळाच्या पेजेची, वर कडक इस्त्री. ही गोष्ट निघाली की आमच्या कारखान्यातली सेफ्टीची मॅडम अजून डोळे मिटून घेते. मी मात्र आता हसत सांगू शकतो, कारण शेवट गोड झाला.

मी तळोज्यातल्या एका केमिकल कारखान्यात खरेदी खात्यात आहे. म्हणजे पंप, बोल्ट, फिनेल आणि कामगारांचे गणवेश. कपड्यातलं मला कळतं, असा माझा पक्का समज होता. त्याला पुरावा म्हणजे माझे स्वतःचे शर्ट. दर रविवारी मी ते स्वतः कांजी करून इस्त्री करतो. बायको म्हणते, तुम्ही घरी राहिलात तरी चालेल, शर्ट एकटा ऑफिसला जाऊन येईल.

त्या वर्षी पॅनेल रूमच्या माणसांसाठी नवीन कपडा निवडायचा होता. विजेचं पॅनेल उघडताना कधी काही चुकलं तर भडका उडतो. तो पापणी लवायच्या आत संपतो, पण अंगावरचा कपडा पेटला तर तो जळतच राहतो. माणूस बहुतेक त्यानेच भाजतो. आमची माणसं घालत होती टेरिकॉट. दिसायला झकास, सुरकुती पडत नाही, दोरीवर टाकलं की वाळलं. पण टेरिकॉट जळत नाही नुसतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं.

हे मला पुस्तकातून कळलं होतं. आमच्या मुख्य वायरमनला हातावरून कळलं होतं. हे मिस्त्री नेरूळजवळच्या शिरवणे गावचे, मूळ गावकरी, पन्नाशी ओलांडलेले. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत चकचकीत, ताणलेली कातडी. आधीच्या नोकरीत बाही वितळून बसली होती. ते त्याबद्दल बोलत नसत, पण नवीन कपडा आला की आधी त्या हाताने चुरगाळून बघत. मिस्त्री घालतील ते बाकीचे आठ जण घालणार, मिस्त्री नाही म्हणाले की आठही नाही म्हणणार. आणि ठरलेल्या शुक्रवारपर्यंत ऑर्डर गेली नाही तर गोडाऊनमधलं टेरिकॉटच पुन्हा वाटलं जाणार होतं, आणखी एक वर्ष.

एक पिवळसर कपडा आला होता, ज्याचा धागाच मुळात पेट घेत नाही. मिस्त्रींनी तो जाडजूड कोट अंगात घातला आणि पाच मिनिटांत काढला. म्हणाले, याच्यात भडक्याची गरज नाय, मी असाच शिजन. खुंटीवर टांगलेला कोट कोणाला वाचवत नाही, त्यामुळे तो बाद. साधं सुती वितळत नाही, पण पेटतं. शेवटी मॅडमनी आणि मी निवडलं ते आग विझवणारं औषध मुरवलेलं सुती. ज्योत लागली तर काळं पडतं, ज्योत काढली की विझतं. नमुन्याचे दोन शर्ट आले. सोमवारी सगळ्यांसमोर जाळून दाखवायचं ठरलं.

शर्ट घडीतून निघाले ते भाजलेल्या पापडासारखे. असला चुरगळलेला शर्ट मिस्त्रींसमोर ठेवायचा? माझ्या खात्याची अब्रू होती. शनिवारी एक शर्ट मी घरी आणला. बायको उरणला बहिणीकडे गेली होती, त्यामुळे मला अडवायला घरात कोणीच नव्हतं. रविवारी दुपारपर्यंत शर्ट असा उभा राहिला की त्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

सोमवारी स्टोअर्सच्या मागच्या अंगणात सगळे जमले. मॅडमनी आधी टेरिकॉटची पट्टी चिमट्यात धरून पेटवली. जळता थेंब वाळूत पडला, मग दुसरा. मिस्त्रींनी उजवा हात पाठीमागे घेतला.

मग माझी पाळी. मी शर्टाची खालची पट्टी कापली, म्हणजे नेमकी तीच, जिथे कांजी सगळ्यात दाट बसली होती. ‘आता बघा,’ असं म्हणून मी लायटर धरला, बारा आकडे मोजले आणि जादूगारासारखा बाजूला केला. ज्योत विझली नाही. इस्त्रीच्या घडीवरून एक पिवळी ज्योत आरामात वर चढत गेली, जणू तिला जिना करून दिला होता. चार-पाच सेकंदांनी विझली, पण तोवर माझ्या बोटांनी चिमटा सोडला होता.

मिस्त्री शांतपणे म्हणाले, “सायेब, यो पन पेटतंय. मंग आमचा जुना काय वाईट हाय? मी नाय घालनार.”

आणि ते गेले. आठही गेले. मॅडम पट्टीकडे बघत राहिली. मी माझ्या टेबलाशी आलो आणि कपडा पाठवणाऱ्याला असं खरमरीत पत्र लिहिलं की माझा मलाच अभिमान वाटला. पाठवलंसुद्धा.

संध्याकाळी नेरूळच्या घरी बायकोला सगळं सांगितलं. पट्टी कापून उरलेला शर्ट पुरावा म्हणून आणला होता. मी पुरवठादाराच्या बेइमानीवर बोलत होतो, तेवढ्यात तिने कॉलर बोटांत धरून वाजवली. पत्र्यासारखी वाजली.

“याला कांजी केलीत?”

मी म्हटलं, मग काय, तसाच चुरगळलेला नेऊ?

ती म्हणाली, पेजेचं पातेलं शेगडीवर उतू जातं तेव्हा ती पेज वाळून कशी पेट घेते ते कधी बघितलंय का? मी बघितलं नव्हतं. उतू गेलेलं पुसायला मी तिथे कधी नसतो. मग तिने कॉलरच्या आतलं लेबल वाचलं. त्यावर बारीक अक्षरांत, इंग्रजीत आणि हिंदीत, लिहिलं होतं की कांजी, ब्लीच आणि कपडे मऊ करायचं पाणी वापरू नये. ते लेबल मी चष्म्याशिवाय, अत्यंत प्रेमाने, दोन्ही बाजूंनी इस्त्री केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आधी पुरवठादाराला माफीचं पत्र लिहिलं. ते खरमरीत नव्हतं. मग पॅनेल रूमच्या दारात उभा राहून सगळ्यांसमोर सांगितलं की चूक शर्टाची नव्हती, पेटला तो माझा तांदूळ. मिस्त्री हसले. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हसताना बघितलं. बाकीचे आठ तर भिंतीला टेकले. एकाने विचारलं, सायेब, फोडणी नाय घातली?

हसता हसता मिस्त्री एकदम थांबले. म्हणाले, आमच्या घरातपन कांजी करतात. शनवारी, सगल्या कपड्यांना. आठांपैकी पाच जणांनी माना हलवल्या. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी उगीचच छाती पुढे काढली, जणू हे सगळं ठरवूनच केलं होतं.

मिस्त्रींनी एक अट घातली. दुसरा, कोरा शर्ट त्यांच्या घरी जाईल. त्यांची बायको रोज साध्या साबणाने धुईल, आणि गुरुवारी ते स्वतः लायटर धरतील. मी हो म्हटलं. ते तीन दिवस मी घरी कुठल्याच कपड्याला हात लावला नाही.

गुरुवारी अंगणात पुन्हा सगळे जमले. शर्ट मऊ झाला होता, थोडा फिका, चुरगळलेला. मिस्त्रींनी पट्टी कापली, चिमटा डाव्या हातात, लायटर उजव्या. मी आकडे मोजत होतो आणि अकराच्या पुढचा आकडाच आठवेना. मॅडम म्हणाली, बारा. लायटर बाजूला झाला. ज्योत गेली. पट्टीचं टोक काळं झालं होतं, बस. मिस्त्रींनी पुन्हा केलं. पुन्हा विझली. तिसऱ्यांदा केलं. मग काळं टोक बोटांनी चुरडून बघितलं, उरलेला शर्ट त्या उजव्या हातावर ओढला आणि बटण लावत म्हणाले, “चालंल.”

मी काय केलं ते मॅडम सांगते. मला आठवत नाही. ती म्हणते, मी मिस्त्रींनी खाली ठेवलेला चिमटा हवेत फेकला आणि त्यांना मिठी मारली, आणि चिमटा पत्र्यावर गेला तो अजून तिथेच आहे. शुक्रवारी सकाळी ऑर्डर गेली.

पण धुण्याचं राहिलंच होतं. मिस्त्री म्हणाले, बायांना तुमी सांगाल तं त्या नाय ऐकनार, वैनींना आना. म्हणून कपडे आले त्याच्या आदल्या रविवारी आम्ही शिरवण्याला मिस्त्रींच्या ओट्यावर गेलो. नऊ घरांतल्या बायका होत्या. बायकोने माझी सगळी गोष्ट पेजेपासून सांगितली, आणि मला समोर खुर्चीत बसवलं, नमुना म्हणून. बायका इतक्या हसल्या की चहा गार झाला. मिस्त्रींची बायको तेवढी नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. मग तिने उठून ओट्यावरच्या धुण्याच्या सामानातला कांजीचा डबा आत नेऊन ठेवला.

परत येताना रिक्षात मी म्हटलं, आता मीही कांजी सोडतो, त्या लोकांच्या समोर बरं दिसत नाही.

ती माझ्या ताठ कॉलरकडे बघत म्हणाली, “तुम्ही खुशाल घाला. तुमच्या टेबलावर पेटण्यासारखं काही होत असेल, असं मला वाटत नाही.”