बाबांची फुंकर

माझी मुलगी गृहपाठ खोडत होती. रबराचा तो वास नाकात गेला आणि मला भिलाईतल्या, खुर्सीपारच्या आमच्या घरातला उघडा कॉम्प्युटर दिसला. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती.

माझ्या कॉलेजसाठी बाबांनी कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर घेतला होता. हिवाळ्यातल्या एका दुपारी मी त्यात मेमरीची नवी पट्टी बसवली, आणि तो सुरूच होईना. पडदा काळाच, आतून नुसतं बीप, बीप, बीप.

"कावून बोंबलून राहिलं ते?" आई स्वयंपाकघरातून धावत आली.

मी पट्टी काढून तिची पिवळी टोकं रबरानं घासली. खाचेत मात्र काळी धूळ बसली होती, बाबांच्या कपड्यांतून झडायची तीच. बाबा एका फाउंड्रीत लोखंड ओतायच्या कामावर होते. पंखा असो की रेडिओ, घरात काहीही उघडलं की पहिली फुंकर बाबांचीच. ते वाकले, गाल फुगवले, आणि खोकत खोकत खालीच बसले.

"तूच फुंक पोरी," ते म्हणाले. "माह्या छातीत दम नाही राह्यला."

आम्ही हसलो. मी फुंकलं, पट्टी पुन्हा दाबून बसवली. एकच बीप झालं आणि पडद्यावर मेमरीचे आकडे धावू लागले. बाबांनी बसल्या बसल्या टाळ्या वाजवल्या.

पुढची दिवाळी त्यांनी पाहिली नाही.

मशीन तीनदा ओरडलं, तर सगळं घर गोळा झालं होतं. बाबा पावसाळ्यापासून खोकत होते.