मामीची डिस्क

प्रतापनगरात राहणाऱ्या आमच्या मामांइतका प्रेमळ आणि त्यांच्याइतका उपद्रवी माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा सापडायचा नाही. मौद्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातली प्रत्येक चालू वस्तू उघडून पाहिली. मिक्सर उघडला, इन्व्हर्टर उघडला, कूलर तर भर मे महिन्यात उघडला. वस्तू संपल्या तेव्हा त्यांना संगणकात विंडोजच्या जागी फुकट बसवता येणारं लिनक्स सापडलं आणि नातेवाइकांत त्याचा प्रचार सुरू झाला. साक्षगंध असो की बारसं, मामा खिशातून पेनड्राइव्ह काढून यजमानांचा संगणक कुठे आहे ते विचारणार. म्हणून लोक त्यांना पहिल्याच पंगतीत जेवायला बसवून टाकत.

घरचा संगणक मात्र एकच, आणि त्यावर पहिला हक्क मामीचा. लहानपणी माहेरी, उमरेडला, भुलाबाईच्या सणात तिच्या मूर्तीपुढे म्हटलेली गाणी आठवून आठवून ती विंडोजवर टाइप करत असे. त्याच हार्ड डिस्कच्या एका कोपऱ्यात मामांनी लिनक्स बसवायला घेतलं, नको त्या प्रश्नाला 'हो' म्हटलं आणि सगळी डिस्क पुसली गेली. गाण्यांची दुसरी प्रत नव्हती. मामी रागावली नाही. "गाणे होते माहे त्याच्यात," एवढंच म्हणाली आणि मेथी निवडायला बसली. मामांना तेच सोसेना.

दुरुस्तीवाल्यांकडे खेटे घालून काही हाती लागलं नाही, तेव्हा मामांनी नवी डिस्क आणली. एक डिस्क मामीच्या विंडोजची, दुसरी आपल्या लिनक्सची. संगणक सुरू केला की आपोआप मामीचीच डिस्क चालू होणार. मामांना आपली हवी असेल तर त्यांनी कळ दाबून मागून घ्यायची. लिनक्समध्ये काही खटपट करायची असली की आधी झाकण उघडून ते मामीच्या डिस्कची वायर काढून ठेवत. इतकं कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "घर एक असू दे गा, पण डिस्क आपापली पाहिजे. माह्या हाताचा मलेच भरोसा नाही."

आणि मग ज्याला आरतीचीही चाल धरता येत नाही असा हा माणूस रोज दुपारी मामीशेजारी कीबोर्ड घेऊन बसू लागला. ती गायची, हे टाइप करायचे. ती अडली की हे मागची ओळ वाचून दाखवायचे. अगदीच आठवेना तेव्हा मामा तिला एसटीने उमरेडला तिच्या म्हाताऱ्या आत्याकडे घेऊन गेले. आत्या मांडीवर ताल धरून गाऊ लागली, मामा मोबाइल समोर धरून बसले. मध्येच थांबून तिने मामीला विचारलं, "काहून रडून राहिली वं?"

"काही नाही, आत्या. म्हणा तुम्ही."

बरीचशी गाणी परत आली. एक मात्र अर्ध्यावर राहिलं. पुढच्या वेळी आठवून सांगते, असं आत्या म्हणाली होती. ती वेळ काही आली नाही. कोजागिरीला गल्लीतल्या पोरी मामीच्या अंगणात जमतात, तेव्हा ती ते अर्धं गाणंही म्हणते. जिथे ते तुटतं तिथे ती थांबते. मग मामी हलकेच दुसरं गाणं धरते, आणि मामा टिपऱ्या चुकवत चुकवत तिला साथ देतात.