फोनवरची पांढरी पट्टी

घंटीताईंबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. जमेल तसं.

आमची संस्था घरोघरी नर्स पाठवायची. मी स्टोअर सांभाळायचो. शेजारच्या खोलीत या बाई चाळीस फोन सांभाळायच्या. सकाळी नर्सना फोन द्यायचे, संध्याकाळी परत घ्यायचे. त्यांवर कोणत्या सूचना वाजतील तेही त्याच ठरवायच्या, म्हणून घंटीताई.

बोटाने सरकवली तरी न जाणारी सूचना लावायची सोय त्यांच्याकडे होती. हे कळल्यावर जो तो येऊन म्हणे, "ताई, माझीही तेवढी पक्की करा." ताईंना नाही म्हणणं जड जायचं. हात धुवा, फोन चार्ज करा, ओळखपत्र लावा... अशा अकरा सूचना झाल्या. अर्धी स्क्रीन त्यांनीच खाल्ली.

एके दिवशी मोठ्या सिस्टर एका आजीबाईंना इंजेक्शन द्यायला गेल्या. डॉक्टरांनी ते सकाळीच बंद केलं होतं. सुनेने ऐनवेळी अडवलं म्हणून बरं. साहेबांनी सिस्टरांकडे लेखी खुलासा मागितला. निवृत्तीला तीन महिने राहिलेले. घरभेटींचं काम काढून घेतील, या विचाराने त्यांचा चेहरा उतरला होता.

त्यांचा फोन ताईंकडे आला तेव्हा मी तिथेच होतो. स्क्रीनच्या वरच्या भागावर ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी लावलेली! ताईंनी ती सोलली. खाली बारावी सूचना होती: इंजेक्शन बंद.

"अहो सिस्टर, हे काय?"

"मग काय करू बाई? हात धुवा म्हणे! मला! तीस वर्षं धुतेय, आता कातडी तेवढी निघायची राहिलीय."

ताई हसल्या नाहीत. त्यांनी बाकीचे फोन पाहिले. सतरांवर पट्ट्या होत्या. पट्टी माझ्याच स्टोअरमधून जात होती आणि मला पत्ता नव्हता.

ताई तडक साहेबांकडे गेल्या. धीर हवा म्हणून मलाही ओढत नेलं. मी दाराशी उभा राहिलो.

"साहेब, चूक सिस्टरांची नाही, माझी आहे."

"पट्टी तुम्ही लावलीत का?"

"पट्टी लावायची वेळ मी आणली. अकरा नको त्या गोष्टी पक्क्या केल्या, त्यात बारावी हवी ती बुडाली."

"म्हणजे खुलासा तुमच्याकडून घेऊ?"

"घ्या. सिस्टरांचा मागे घ्या."

साहेबांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "ठीक आहे. पण ओळखपत्राची तेवढी राहू द्या. ती माझी आहे."

"नाही साहेब. आता फक्त त्या दिवसाच्या पेशंटचीच राहील. नर्सने 'वाचलं' म्हटलं की तीही जाईल."

ताईंच्या तोंडून 'नाही' मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. साहेबही चपापले असावेत, कारण त्यांनी मान डोलावली. सिस्टरांचं काम वाचलं. ताईंना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी ती दोनदा वाचून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरांनी फोन हातात घेतला.

"अगं, हा बंद पडलाय का? एकच ओळ दिसतेय."

"चालू आहे. तुमच्या आजच्या पेशंट आजोबांची गोळी बदललीय. आधी वाचा, मग जा."

सिस्टरांनी पर्समधून चष्मा काढला आणि दारातच उभं राहून सावकाश वाचलं.