एका घरात दोन पथ्यं

मी आयुष्यात कुणाच्या सांगण्यावरून काही सोडलं नाही. शाळा तेवढी तिसरीत सोडली, ती पण माझ्या मर्जीनं. तंबाखू सोडा म्हणणारे लई आले अन् गेले. बिदरला डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर तिथल्या पोरानं पथ्याचा पाढा वाचला. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, धुरा-धुळीत जायचं नाही, तिखट खाऊन ठसका लागू द्यायचा नाही. मी मान हलवली अन् मनात म्हणलं, वाच बाबा, तुझं काम हाय ते.

पण घरी म्हातारीपुढं, म्हंजी बायकोपुढं, माझं काही चाललं नाही. सोयाबीनच्या राशीचे दिवस. मंठाळहून आलेलं मळणीचं मशीन आमच्या दारातच उभं, अन् दारालगतच्या ढाळजंत, गड्यांच्या बैठकीत, बोटभर धूळ. मी कायम ढाळजंत झोपतो, तिथंच जेवतो. माझं ताट तिथं येतं अन् तिथूनच जातं. म्हातारीनं माझी बाज उचलून माजघरात टाकली. आमच्या माजघराला लागूनच चूल आहे, मधी नुसती चौकट, दार नाही. पन्नास वर्षांच्या संसारात मी दिवसाढवळ्या त्या खोलीत पडून राहिलेला नव्हतो. बायकांच्या राज्यात मी पाहुणा झालो.

घरात पथ्याचं आणखी एक माणूस होतं. धाकटी सून. तिला आठवा लागला होता. पोरगा हैद्राबादला कंपनीत. तिला माय नाही, म्हणून पहिलं असूनही बाळंतपण आमच्याच घरी करायचं ठरलं. कडगंचीला मोठ्या कॉलेजात शिकलेली पोरगी. कानडी, मराठी, इंग्रजी, सगळं फडाफडा. तरी सासूपुढं वर मान करून बोलत नव्हती, याचं मला कौतुक वाटायचं.

तिच्या पथ्याचा कायदा म्हातारीच्या तोंडी. पपई नाही. तीळ नाही. जुळं केळ तर बघायचं पण नाही. उंबऱ्यावर बसायचं नाही, म्हशीची दोरी ओलांडायची नाही, तिन्हीसांजेला बोअरवर जायचं नाही. मी ऐकत पडायचो. बायकांच्या गोष्टी, त्यात आपलं काय?

एक दिवस सुनेनं माझ्या भाकरीच्या खाली शेंगाची तिखट चटणी दडवून आणली.

"आत्याला सांगू नका, मामा. ठसका लागला तर माझ्यावर यायाचं."

मी खूष. म्हणलं, "पोरी, तुला बी काय पथ्य मोडायचं असलं तर सांग. पपई आणून देतो, खळ्यावर बसून खा. म्हातारीला वास बी लागू द्यायचा न्हाई."

तिनं तोंडाला पदर लावला. "मला माझं मोडायचं न्हाई, मामा."

गुणाची पोर, मी म्हणलं.

आता डोळ्याचं सांगतो. ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालेलं. नवा डोळा झाकला की भिंत चहात बुडवल्यासारखी दिसायची. जुना झाकला की त्याच भिंतीला नुकताच चुना मारल्यासारखा. मी दिवसभर तोच खेळ करत पडायचो. दांडीवरचं धोतर बघून तर मी उठूनच बसलो. पांढरंशुभ्र!

म्हातारी म्हणली, "बगा आता नीट. इतकी वर्सं 'धोतर पिवळं धुतीस' म्हणून माझ्यावर खेकसायलाव. धोतर पिवळं नव्हतं, तुमचा डोळा पिवळा व्हता."

मी परत नवा डोळा झाकला.

म्हणून सुनेनं चहा आणून दिला अन् तिची नखं मला लसणाच्या पाकळ्यांसारखी पांढरी दिसली, तेव्हा मला वाटलं, भाकरीचं पीठ असेल. ओठ बघितले, ते पण तसेच. म्हणलं, नवा डोळा सगळंच पांढरं दाखवायलाय. धोतर पांढरं, भिंत पांढरी, तशी सून पण पांढरी. असं किती दिवस मी स्वतःची समजूत घातली कुणास ठाऊक.

मग एका सकाळी कप तिच्या हातातून कलंडला अन् म्हातारीनं खालून बशी धरली. दोघींचे हात माझ्या नाकासमोर आले. म्हातारीची नखं फुटलेली, राखेनं काळी झालेली, पण खालचं मांस लाल. शेजारी त्या पोरीची बोटं. डोळा एकच, उजेड एकच. मग हिच्यात रक्त कुठं आहे?

चहा तसाच गार झाला.

काळ्या चष्म्याचा एक फायदा आहे. माणूस झोपलंय का बघायलंय, दुसऱ्याला कळत नाही. दुपारी मी तसाच पडून राहिलो. दोघी चुलीपुढं जेवायला बसल्या. म्हातारीनं भाकर मोडली, अर्धी सुनेच्या ताटात टाकली अन् अर्धी परत दुरडीत ठेवली. वर चिमूटभर अंबाडीची भाजी. वरणाचं भगुलं शेजारीच होतं, त्याला कुणी हात लावला नाही. पोरीनं ती अर्धी भाकर पाखरासारखी टिपून टिपून खाल्ली, वर तांब्याभर पाणी प्याली अन् उठली. उठताना भिंतीला धरलं. मग पेंडीचं घमेलं घेऊन म्हशीकडं गेली.

म्हैस आमची गाभण. मी बाजेवर पडल्या पडल्या रोज त्याच वेळी ओरडायचो, "पेंड वाढवून घाल गं पोरी, दिवस भरायलेत तिचे!" त्या दिवशी ते शब्द तोंडापर्यंत आले अन् तिथंच अडकले.

ती परत आल्यावर मी उठून बसलो.

"सुनेला अर्धी भाकर कामून?"

म्हातारी दचकली. "जागे हाव व्हय? पडा गप. बायकांचं हाय."

"घरात धान्य सरलंय का?"

"धान्याचं काय मधीच? आठवा लागला की हात आखडायचा असतो. पोटात पोर मोठं झालं की अडतंय. बारकं ऱ्हायलं की सुटका लवकर व्हती. सगळ्याच करत्यात."

मला आधी नीट कळलंच नाही. मी विचारलं, "म्हंजी पोर बारकं ऱ्हावं म्हणून माय उपाशी ठेवायची?"

"उपाशी कोण ठेवायलंय? अर्धी देतेच की."

मी सुनेकडं वळलो. "अन् तू? एवढं शिकलीस, तुला उपाशी ऱ्हायला लावलं तर तू ऱ्हायलीस?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं. "मला कुणी लावलं न्हाई, मामा. मीच ठरवलंय. त्या रक्तवाढीच्या लाल गोळ्याबी मीच बंद केल्या. त्यानं पोर वाढतंय म्हणं."

मग तिनं तिच्या थोरल्या बहिणीचं सांगितलं. बहीण धडधाकट. पोर पोटात मोठं झालं, अडलं. आळंदवरून कलबुर्गीला न्हेईपर्यंत पोर गेलं, बहीण कशीबशी वाचली. माती देऊन आल्यावर आयाबाया दारातच म्हणाल्या, खाऊन खाऊन पोर फुगवलं, अन् आपल्या हातानं घालवलं.

"मी तिथंच उभी व्हते, मामा. तवाच ठरवलं. माझ्यावर कुणी असं म्हणायचं न्हाई."

मला जे येतं ते मी बोललो. "अगं, गाभण म्हशीला मी पेंड वाढवतो ती कशासाठी? वाळलेलं जनावर विताना जोर कुठून लावंल?"

"मी म्हैस हाय का, मामा?"

म्हातारी खुसकन हसली. मला राग आला. म्हातारीला म्हणलं, "तू शिकवलंस हे सगळं हिला!"

"मला माझ्या सासूनं शिकवलं. तुमच्या मायनं. मीबी हरेक पोराला असंच केलंय."

"काय केलंयस?"

"अर्धी खाल्ली. आठव्यापासून. दर येळी."

मी बाजेची पाटी धरून बसलो. दर येळी! माझ्या घरात ज्वारीची पेवं भरलेली असायची. दारात आलेला माणूस माझ्याकडून कधी रिकामा गेला नाही, हे साऱ्या शिवारात कुणालाही विचारा. अन् आत, एका भिंतीपलीकडं, माझीच बायको अर्धी भाकर खाऊन उठत होती, अन् मला पत्ता नाही! ताट ढाळजंत यायचं, मी पोटभर जेवायचो, ढेकर द्यायचो. आत कोण काय खातंय हे बघायला मी कधी आत आलोच नव्हतो. कोणताच गडी येत नव्हता.

दुसऱ्या दिवशी जीप सांगितली अन् सुनेला घेऊन तालुक्याला, कल्याणच्या दवाखान्यात गेलो. काळा चष्मा लावलेला मी पुढं, पोट सावरून दांडीला धरून बसलेली ती मागं. डॉक्टरीणबाई माझ्याकडं बघून म्हणल्या, "दोघंही पेशंट? मग कोण कुणाला सांभाळायलंय?" मग सुनेची पापणी खाली ओढली अन् त्यांचं हसू गेलं. रक्त पाण्यासारखं झालंय म्हणल्या. खाणं पाहिजे, गोळ्या पाहिजेत, असंच राहिलं तर बाळंतपण इथं कुणी हातात घेणार नाही. उपाशी राहून बाळंतपण सोपं होत नाही, आई अन् बाळ दोन्ही अशक्त होतात, हे त्यांनी कानडीत सांगितलं, परत मराठीत सांगितलं. सुनेनं सगळ्याला मान हलवली.

ती मान मी ओळखली. बिदरला मीच अशी हलवली होती.

घरी आल्यावर माझा अंदाज खरा निघाला. चुलीपुढं परत अर्धी भाकर.

मी बाजेवरून उतरलो अन् चुलीपाशी जाऊन पाटावर बसलो. म्हणलं, "माझं ताट इथं वाढ. तिचं माझ्यासमोर."

"येड लागलंय का?" म्हातारी म्हणली. "सासऱ्याम्होरं सून जेवती का कुठं? अन् धूर डोळ्यात जायलाय तुमच्या."

"जाऊ दे. वाढ."

पोरगी अंग चोरून बसली. पदर पुढं ओढला. अर्धी भाकर खाल्ली अन् हात थांबवला. मी पण माझी अर्धी खाल्ली अन् हात थांबवला. नव्या डोळ्यातून पाणी गळायलं होतं. धुराचं होतं.

"मामा, जेवा. तुमचं औषध उपाशीपोटी चालत न्हाई."

"तुझंबी चालत न्हाई."

"मामा, हट्ट करू नका."

"हट्टाचं मला कुणी सांगायचं न्हाई."

म्हातारी बडबडली, भांडी आपटली, माझ्या साऱ्या खानदानाचा उद्धार केला. आम्ही दोघं बसून. भाकर कडक झाली. शेवटी पोरगी हळू आवाजात म्हणली, "अडलं तर, मामा?"

"अडलं तर मी दारात बसलेला आसंल. कुणी काय म्हणलं तर सांग, सासऱ्यानं खायला लावलं. मग लोक हाईत अन् मी हाय."

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. सासूकडं बघितलं. तेव्हा मला कळलं, माझ्या बोलण्याला या चुलीपुढं काडीचं वजन नाही. डॉक्टरीणबाईच्या पण नाही. ज्या बाईनं पोरं काढलीत, तिनं बोललं पाहिजे.

"आत्या?"

म्हातारी चुलीतली लाकडं मागं ओढत होती. ओढतच राहिली. मग पाठमोरीच बोलली.

"आमचं दुसरं उंदराच्या पिलावाणी व्हतं. इवलुसं. हातात धरलं तर कळायचं बी न्हाई." लाकडावर पाणी शिंपडलं. "तरी अडायचं ते अडलंच."

ते पोर मला आठवतं. मी त्याचं नुसतं तोंड बघितलं, फडक्यात गुंडाळलेलं. देवानं नेलं म्हणले, मी पण तेच म्हणलो. ते किती होतं, कसं होतं, मला कुणी सांगितलं नाही अन् मी विचारलं नाही.

"मग तुला म्हाईत असून," मी म्हणलं, "हिला कामून..."

"म्हाईत काय? सगळ्याच करायच्या. मी हिला नको म्हणलं असतं अन् काय वंगाळ झालं असतं तर? कुणाच्या तोंडाकडं बघितलं असतं मी?"

अन् तिनं दुरडीतली उरलेली अर्धी काढली, सुनेच्या ताटात टाकली, वर पळीभर वरण ओतलं. "खा गं. ह्यो म्हातारा उठायचा न्हाई, अन् मलाबी आता भूक लागलीय."

मग स्वतःचं ताट घेऊन ती पण बसली. माझ्या शेजारी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

मी बघत राहिलो. मी माझ्या बायकोला जेवताना बघितलेलंच नव्हतं. ती घास उजवीकडं ढकलते, तिकडंच चावते, डाव्या गालाला लागू देत नाही.

"एकाच बाजूनं कामून खातीस?"

"डावीकडच्या दाढा गेल्या की."

"कवा?"

"त्याच पोराच्या येळंला. एकामागून एक हलल्या." तिनं पळी उचलली. "वरण वाढू का तुमाला?"

मी ताट पुढं केलं. तेवढ्यात समोरून पदराआडून आवाज आला.

"आत्या, मलाबी वाढा जरा."